कालव्याकाठची मोजणी

त्या दिवशी मी नगरपालिकेत गेले होते ती फक्त एक कागद आणायला. साधा आखलेला तक्ता होता. वेळ, बाई की पुरुष, अंदाजे वय, खूण. आमच्या आळीमागचा मोठा रस्ता पायी किती माणसं ओलांडतात ते त्यात लिहायचं. एका संध्याकाळी दहा भरली तर तिथे पांढरे पट्टे आणि सिग्नल. नऊ भरली तर काहीच नाही, असा नियम.

हे काम माझ्याच गळ्यात का, ते सांगते. आळीत मला सगळे ‘खिडकी’ म्हणतात. कोण कधी गेलं, कोण कधी आलं, कोणाच्या घरात दोन दिवस बोलणं बंद आहे, हे मला घरबसल्या कळतं. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. ते नाव मला शेजारच्या काकूंनी ठेवलं. काकू रस्त्यापलीकडच्या इस्पितळात, धुलाईघरात कामाला होत्या. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रस्ता ओलांडून माझ्या खिडकीखालून जायच्या आणि मान वर करून विचारायच्या, “काय गं खिडकी, आज कोणाचं लग्न मोडलंस?” अंगाला ओल्या चादरींचा आणि फिनेलचा वास. मी पण म्हणायची, “तुमचंच राहिलंय, काकू!” घरात घड्याळं दुरुस्त करत बसलेले काका आतून हसायचे.

दोन वर्षांपूर्वी जुन्या कालव्याच्या काठाने फिरायची वाट करायचं ठरलं. नगरपालिका, फिरणाऱ्यांचा क्लब आणि एक कंपनी, अशी तिघांची भागीदारी. त्यातच मोठा रस्ता दुप्पट रुंद होणार होता. पांढरेशुभ्र बूट घातलेल्या क्लबच्या बाई माझ्याकडे आल्या आणि असाच तक्ता हातात देऊन म्हणाल्या, “ताई, फक्त फिरायला येणारे लिहा हं. कामावर जाणारे-येणारे नकोत. ते काय, कुठूनही जातील.”

मी आठवडाभर खिडकीत बसले. फिरणारे सगळे काठाकाठाने जाऊन मागे वळायचे. रस्ता ओलांडायचे ते कामावरून येणारे. काकू सातही दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि सातही दिवस मी त्यांना लिहिलं नाही. ओलांडणारे, शून्य. खाली माझी सही.

वाट छान झाली. बाकं, कुंड्या, नावांची पाटी. रस्ताही रुंद झाला, पण त्या जागी ना पट्टे ना सिग्नल, कारण कागदावर तिथे कोणी ओलांडतच नव्हतं. गेल्या थंडीत, धुक्यात, सहा वाजून दहा मिनिटांनी काकू ट्रकखाली गेल्या.

तेव्हापासून काका रोज सहाला त्या जागी जाऊ लागले. एका कानाने ऐकू येत नाही, नजर घड्याळाच्या भिंगातून बघून अधू झालेली. “ती पलीकडे खोळंबली असेल,” म्हणायचे आणि सरळ रस्त्यात पाऊल टाकायचे. दोनदा मी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं. सिग्नल नाही झाला तर हा माणूसही जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने माझाच जुना तक्ता काढून दाखवला.

“इथं ओलांडतं कोण, बाई? सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग परत मोजा. दहा आणा.”

काकू गेल्यापासून कामावरून येणारेही लांबच्या वळशाने यायला लागले होते. म्हणून आळीतल्या बारा जणांना मी हातापाया पडून सांगितलं, शुक्रवारी पाच ते सात, एकदा ओलांडून जा. बाराच्या बारा हो म्हणाले. काकांना बजावलं, “आज तुम्ही घरातून हलायचं नाही.” आणि घडीची खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसले.

धुकं चारपासूनच उतरायला लागलं होतं. साडेपाचला समोरची कड दिसेना. ट्रक यायचे ते आधी नुसती थरथर होऊन, मग दोन पिवळे डाग, मग वारा. फिरणारे मागच्या वाटेवरून बोलत जात होते. बारातला एकही फिरकला नाही. सहाला तक्ता कोरा.

मग गाड्या थांबल्या. एकदम. इतकं शांत झालं, की कालव्यातलं साचलेलं पाणी कुजत असल्याचा वास यायला लागला. आणि त्या वासातून दुसरा वास वर आला. ओल्या चादरी... फिनेल.

पलीकडून चपला येत होत्या. दमलेल्या, एक पाय किंचित ओढत. माझ्या खुर्चीशी येऊन थांबल्या. मी मान वर केली नाही. माझी मान वर होईना.

“खिडकी... आज तरी लिहिलंस का मला?”

माझ्या हाताने लिहिलं. सहा दहा. बाई. अठ्ठावन्न. खूण, चपला.

चपला पुढे गेल्या. मागून दुसरी पावलं आली. मग सायकल ढकलत कोणीतरी. मग कोणीतरी खोकत, डब्यातला चमचा वाजवत. प्रत्येक जण खुर्चीपाशी थांबायचा, बोलायचा नाही, लिहून होईपर्यंत उभा राहायचा आणि मग निघायचा. हा रस्ता किती वर्षं माणसं खातोय ते मी इतकी चौकस असून मला माहीत नव्हतं. कामावरून येणारीच सगळी. मी खाली बघून लिहीत राहिले. आठ. नऊ.

मग पावलं थांबली.

“किती झाले गं?”

काका. माझ्या पाठीमागे, घरच्या बाजूने आलेले. अंगावर इस्त्रीचा सदरा.

“काका, घरी जा... तुमच्या पाया पडते.”

“किती?”

“नऊ.”

“मग दहावा मी.” ते हसले. “ती रोज इथूनच येते, बाळ. तिला दिवा नको का?”

मी त्यांची बाही धरली. लांबून थरथर सुरू झाली होती. आणि खरं तेच सांगते... मी बाही सोडली. नऊ झाले होते हो.

ब्रेकचा आवाज आलाच नाही. नुसता वारा आला.

सोमवारी मी तक्ता घेऊन गेले. कारकुनाने चष्मा पुसला.

“दहावा पूर्ण ओलांडला होता का? पंचनाम्यात पाय रस्त्यावर अन् डोकं पलीकडच्या मातीत, असं आहे. अर्ध्यात गेलेला धरता येत नाही.”

“पोचले ते,” मी म्हटलं.

“कशावरून?” मग त्याने बोट खाली नेलं. “जाऊ द्या. तुमचे अकरा आहेत. वादच मिटला.”

मी वाकून बघितलं. अकरावी ओळ माझ्याच अक्षरात होती. सहा दहा. बाई. बेचाळीस. खूण, डाव्या पायाला पट्टी, खिडकीवाली.

ती ओळ मी लिहिली नव्हती. मी रस्ता ओलांडलाही नव्हता. माझ्या पायाला पट्टी नव्हती.

“चुकून पडली असेल तर आत्ताच खोडा,” तो म्हणाला. “पण मग दहाच उरतात, आणि दहाव्याची भानगड आहे.”

आयुष्यात एकदा मी लिहिलं नाही, त्याने काकू गेल्या. आता लिहिलेलं कसं खोडू? मी खाली सही केली.

सिग्नल मंजूर झाला. खांब उभा आहे, पट्टे मारलेत. क्लबच्या बाईंनी फीत कापली, फोटो निघाले. दिवा लागायचा आहे. तार कोणी ओढायची यावर तिघा भागीदारांची बैठक अजून व्हायची आहे.

परवा जिन्यात माझा पाय मुरगळला. डावा. पट्टी बदलायला उद्या संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या इस्पितळात बोलावलंय. मी म्हटलं, सकाळी येते. तर फोनवरची मुलगी म्हणाली, “नाही हो काकू, तुमची वेळ लिहिलेली आहे.”