माहे वजा तुहे

"एवढा मंडप टाकला, एवढी पंगत उठली... अन् माह्या भावाचा एकबी फोटो नाई. घास घेताना तं क्यामेरा त्याच्या तोंडापाशी होता!"

सोनीबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या म्हणे. पण इतक्या जवळून, की त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वास माधवीला येत होता. आरमोरीच्या त्या फोटो स्टुडिओत माधवी अल्बम जुळवायची. सोनीबाईंच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम तिनंच केला होता, आणि मामा त्यात खरंच नव्हते.

तेवढ्यात दार ढकलून एक जण आत आला. खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, मानेवर घामात चिकटलेलं मोहफूल. मालक हेमराजभाऊंनी ओळख करून दिली. हा राजदीप, चिमूरचा, या लग्नाचे फोटो यानंच काढले.

"मामा कुठी ठेवले?" माधवीनं मान न वळवताच विचारलं.

"माह्यापाशी आहेत ना," त्यानं हार्ड डिस्क टेबलावर ठेवली. "तुमच्याकडं पोचले नाई का?"

एक फोल्डर स्टुडिओच्या संगणकात, एक त्याच्या डिस्कवर. दोन्हीत फोटोंचा हा ढीग. "बसा आता एकेक जुळवत," असं म्हणून हेमराजभाऊ जेवायला गेले.

माधवी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून कोड लिहायला शिकत होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. तिनं बोटं मोडली.

"मी प्रोग्राम लिवते. दोन्ही फोल्डरातली नावं वाचाची, अन् एकातून दुसरं वजा कराचं. जे उरलं ते हरपलेलं."

"फोल्डरले नावं काय देशीन?"

तिनं विचार केला आणि लिहिलं. स्टुडिओचा तो 'माहे', त्याचा तो 'तुहे'. राजदीपला हसू आलं. ते लपवायला तो कूलरकडे वळला. कूलरनं त्याच्या तोंडावर गरम हवा मारली.

माहे वजा तुहे. एंटर. पडद्यावर रिकामा कंस.

"पायलं? काईच फरक नाई," माधवी ताठ बसली. "मामा जेवलेच नाई लग्नात."

"थांब ना... हे तं एकतर्फी झालं." तो खुर्चीमागून वाकला, पण हात लावला नाही. "तुह्यातलं माह्यात आहे का, एवढंच तू पायलं. माह्यातलं तुह्यात आहे का, ते कोन पाहीन?"

तिनं ओळ उलटी केली. तुहे वजा माहे... आणि पडदाभर नावं धावली. कॉपी होताना लाइट गेली असणार, अर्धी पंगत डिस्कवरच राहिली होती. मामा हातात बुंदी घेऊन तोंड उघडं करून बसलेले. सोनीबाईंनी पडद्यालाच हात जोडले.

मग उन्हाळाभर लग्नं. माधवी त्याच्यासोबत लाइट धरायला जाऊ लागली. परतल्यावर तोच प्रोग्राम, आधी माहे वजा तुहे, मग उलटं. उलट्या बाजूला दरवेळी थोडं उरायचंच. एकदा तिनं ते उघडून पाहिलं. लाइट धरलेली माधवी. जांभई देणारी माधवी. नवरीला बघता बघता कुठेतरी हरवलेली माधवी.

"हे कॉपी करून नाई राह्यला तू."

"गिऱ्हाइकाचे नाईत ते."

"मंग काढले काऊन?"

"लाइट चांगली होती," तो म्हणाला. मग कॅमेऱ्याची काच पुसत, "...धरनारी बी."

एकदा तो तिला घरी सोडायला आला, तलावाच्या बांधाखाली, मासेमारांच्या ढिवरमोहल्ल्यात. तिचे बाबा, इस्तारी, दारात जाळं सांधत बसले होते.

"पूर्ण नाव काय गा तुहं?"

"राजदीप शेंडे."

"शेंडे!" आई, रुखमाबाई, आतूनच हरखली. "माह्या माहेरचे शेंडे!" आणि ठेवणीतल्या कपबशीत चहा आला. दोन घोट झाले असतील.

"कोनते शेंडे?" बाबांनी विचारलं.

"तुमचेवाले नाई, काका. आमच्या घरी बुद्धवंदना असते."

"बरं बरं," बाबा म्हणाले. "चांगलं आहे."

 फक्त पुढच्या वेळेपासून त्याचा चहा कागदाच्या कपात येऊ लागला. तो कप माधवीच आणून द्यायची. राजदीप चहा संपवून कप चेपायचा आणि स्वतःच्याच बॅगेत टाकायचा.

"तुह्या पयल्या प्रोग्रामसारखंच झालं," एकदा तो हसत म्हणाला. "तुह्या आईनं बी नावच पायलं. नाव जुळलं, की सारखं." तिनं ते हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

पावसाळ्याआधी सिंदेवाहीचं स्थळ आलं. मुलगा बरा, माणसं बरी. नाही म्हणायला कारण काय, असं सगळे विचारत, आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू काई बोलत काऊन नाई?" स्टुडिओत ती राजदीपवर चिडली.

"माह्या बाजूनं वजा करून झालं, माधवी. सारं उघडं आहे, तू पायलं बी. तुह्या बाजूनं मी कसं करू? ते तुलेच करा लागन."

तिनं संगणक बंद केला.

साक्षगंधाची, साखरपुड्याची, तारीख ठरली. "फोटोले राजदीपच," बाबांनी जाहीर केलं. "पोरगा घरचाच आहे." तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून.

पाटावर ती बसली, समोर तो. एवढे दिवस ती लाइट धरायची आणि तो बघायचा. आज लाइट तिच्याच तोंडावर होती, आणि त्यानं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली म्हणून केला नाही.

चहाचा ट्रे फिरला, तेव्हा कुठे तो खाली आला. पाहुण्यांकडची आशाबाई, मुलाची आत्या, पानाचा विडा गालात सरकवत सहजच म्हणाली, "घरचा पोरगा म्हन्ता ना इस्तारीभाऊ? मंग त्याले कागदाचा कप काऊन वो?"



"ते... कप कमी पडले," आई म्हणाली. ट्रेमध्ये चार भरलेल्या कपबशा तशाच होत्या. बाबा टाचेखालची सतरंजी सरळ करू लागले. राजदीपनं कप चेपला आणि बॅगेची चेन उघडली.

"कमी नाई पडले, आई," पाटावरून माधवी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तो बौद्ध आहे म्हून. अन् मले तोच पायजे, हे मी बोलली नाई म्हून."