छोड म्हटल्याशिवाय

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यासोबत घडली ते आजही चंद्रपुरात आहेत आणि विचारलं तर सांगतात. फक्त शेवटचा भाग सांगत नाहीत.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. इथं यातलं काहीच नाही.

भर दुपार होती. गेल्या वर्षीचा मे महिना, चंद्रपूरचा. अशा दुपारी भूतसुद्धा सावली बघून उभं राहील.

जागा म्हणाल तर पठाणपुरा गेटच्या आत, एका गल्लीच्या टोकाला गुलाम रसूल यांचं घर आणि घरामागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज. सगळे त्यांना रसूलचाचा म्हणतात. अॅम्बेसेडर, फियाट, जुनी जीप, यातलं काही रुसून बसलं की अर्ध्या गडचिरोलीतून माणसं चाचांकडेच येतात.

या जुन्या गाड्यांचे ब्रेक ड्रमचे असतात. पेडल दाबलं की तेल पाइपातून चाकापर्यंत धावतं आणि आतले लायनर ड्रमला घट्ट धरतात. त्या तेलात हवा शिरली की पाय थेट खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकाशी आडवं पडून नट ढिला करायचा, दुसऱ्याने सीटवर बसून पेडल दाबायचं.

चाचांकडे सीटवर बसायच्या त्या कनीजचाची. त्यांची बायको.

लग्न झालं तेव्हा गॅरेजमध्ये पोऱ्या ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून चाची बसायला लागल्या. पुढे ऐपत आली, पण चाचींची सीट कोणाला मिळाली नाही. चाचा खालून म्हणायचे, “दबा.” मग “पकड.” नट ढिला व्हायचा, बुडबुडे घेऊन तेल बाटलीत यायचं, नट आवळला जायचा. मग “छोड.”

नट आवळायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत. म्हणून नियम एकच. ‘छोड’ म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही.

चाचींनी तो कधी मोडला नाही. एकदा घरात गॅसवर दूध करपलं, गल्लीभर वास सुटला, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. चाचा चिडले तर म्हणाल्या, “तुमी छोड म्हनलेच नाई.”

त्या मेच्या आधीच्या हिवाळ्यात चाची गेल्या. साधा ताप आला आणि घेऊन गेला.

त्या दिवसापासून चाचांनी ब्रेकचं काम घेणं बंद केलं. इंजिन करीन, गिअर करीन, ब्रेक नाही. सून मदीहा म्हणायची, “अब्बा, मी बसतो ना सीटवर.” चाचा ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. मुलगा आकिब दिवसभर ऑटोवर असायचा.

आणि अशात सावली गावाहून निकेश आला. टेम्पोमागे दोर बांधून अॅम्बेसेडर ओढत आणली होती त्याने. गाडी त्याच्या बापाची, वारलूजींची. म्हातारा गेला तशी गाडी धानाच्या कोठीशेजारी उभीच होती.

“चाचा, दिव्यानीचं लगन हाय. पोरगी म्हन्ते, ब्रह्मपुरीले जाईन तं आज्याच्याच गाडीत जाईन. नाईतर वरातीत बसत नाई.”

“ब्रेक मी करत नाई आता, बापू.”

“माही एकच पोरगी हाय. सारा रस्ता जंगलाचा. दुसऱ्याच्या हातच्या ब्रेकवर मी तिले बसवत नाई.”

चाचा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, “ठेव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चारही ड्रम काढले. मागच्या डाव्या चाकात तेल गळून लायनर भिजले होते. चाकातली रबरं बदलली, लायनर नवे चढवले, ड्रम परत बसवले. आता हवा काढायची होती. त्यासाठी आकिब संध्याकाळी येणार होता.

चाचा मागच्या चाकाशी आडवे झाले होते. फक्त नट फिरतो का, ते बघायला. नटाला नळी लावली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं,

“दबा.”

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. डोळे भरून आले.

आणि तेवढ्यात…

सीटची स्प्रिंग वाजली. कोणीतरी बसावं, तशी.

मग पेडल. खालीवर. सावकाश. चाचींचा हात स्वयंपाकात जसा शांत होता, तसाच पायही होता.

 चाचांचे हात वर्षानुवर्षांच्या सवयीचे, ते थांबले नाहीत. “पकड,” ते म्हणाले. नट ढिला केला. नळीतून तेल आलं, बुडबुडे घेऊन, दाबाने. पेडलवर पाय नसेल तर असं येतच नाही. त्यांनी नट आवळला.

“छोड.”

पेडल टक्कन वर आलं.

चाचा उठून बघतात तर सीट रिकामी. गॅरेजचं दार आतून बंद. बाहेर गल्लीत चिटपाखरू नाही.

दुसरा कोणी पळून गेला असता. चाचा परत आडवे झाले. पुढच्या चाकाशी गेले आणि पुन्हा म्हणाले, “दबा.” चारही चाकांची हवा त्यांनी तशीच काढली. रडत काढली, हे ते स्वतः सांगतात.

शेवटी त्यांनी “पकड” म्हटलं आणि पेडलकडे बघत उभे राहिले. दिसत कोणीच नव्हतं. पेडल मात्र दाबलेलं होतं… आणि हळूहळू, बोटभर बोटभर, खाली जात होतं. चाकांशी तेलाचा थेंबही गळलेला नव्हता. चोर घरातच होता. पेडलमागचा मास्टर सिलिंडर आतून झिजलेला होता आणि दाब धरून ठेवत नव्हता.

“समजलं,” चाचा म्हणाले. “छोड.”

त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मदीहाने आकिबकडे बघितलं. आकिबने खांदे उडवले.

आता मास्टर शोधायचा होता. त्या मॉडेलचा मास्टर नवा मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध. नागपूरला फोन झाला, हैदराबादला झाला, कुठेच नाही. तेव्हा मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पत्रू कबाडीवाल्याकडे एक अॅम्बेसेडर पडलेली असल्याचं कळलं. पुढचं सगळं चेपलेलं, पत्र्यातून रानवेल आरपार गेलेली. पण मास्टर ठणठणीत निघाला. चाचांनी तो पेडलसकट उतरवून घेतला.

चाचांचा एक जुना रिवाज होता. ठोकलेल्या गाडीतून ब्रेकचा पार्ट घ्यायचा, तर आधी विचारायचं, ही गाडी गेली कशी? माणूस गेलेल्या गाडीचा ब्रेक ते घेत नसत. चाचींनीच लावलेली ही शिस्त.

त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. त्यांना घरी जायची घाई होती. खरं सांगायचं तर कनीज वाट बघत बसली असेल, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दुपारी मास्टर बसला. मदीहाला त्यांनी झोपायला पाठवलं. स्वतः आडवे झाले, नळी लावली.

“दबा.”

सीट वाजली. पण यावेळी… धपकन. जडपणे.

पेडल दाबलं गेलं. सावकाश नाही, लाथ मारावी तसं.

“पकड,” चाचा म्हणाले. नट ढिला करताच तेलाची अशी पिचकारी आली, की नळी बाटलीतून उडाली. त्यांनी घाईने नट आवळला.

“छोड.”

काहीच नाही.

“छोड, कनीज.”

स्प्रिंगचा आवाज आला नाही. चाचांनी जॅकवरचं चाक हाताने फिरवून बघितलं. हलेना. दुसरं बघितलं. तेही जखडलेलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मागच्या भिंतीवर लाल उजेड पडलाय. ब्रेकचे दिवे पेटलेले होते.

ते गाडीच्या दाराशी गेले. पेडल दाबलेलं होतं. आणि थरथरत होतं…

त्यांनी वाकून हाताने पेडल उचलायचा प्रयत्न केला. जमिनीत पुरल्यासारखं घट्ट. बाहेर आग ओकणारं ऊन आणि पेडलजवळची हवा गार.

आणि अगदी कानाशी… दात आवळून घेतलेला श्वास.

चाचा मागे सरले. भीती वाटली, पण कारागीर माणूस, आधी चाक सोडवायचं सुचलं. त्यांनी पान्याने नट ढिला केला. तेल भसकन गेलं. पेडल तळाला आपटलं.

क्षणभर शांतता.

मग पेडल पिसाटलं. खट खट खट खट. वर खाली, वर खाली. उतारावर ब्रेक गेल्यावर माणूस जसा जीव खाऊन पाय मारतो, तसं.

कनीज न सांगता पाय मारणारी बाई नव्हती. ही कनीज नव्हती.

चाचा तसेच घामाने निथळत पत्रूकडे गेले. “ती गाडी कोनाची होती?” त्यांनी विचारलं.

पत्रू आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, “लच्छू डायवरची. कोरचीकडच्या घाटात ब्रेकचा पाइप फुटला. मोठ्या झाडाले जाऊन भिडली. एकटाच होता गाडीत.” आवाज खाली आणत तो पुढे म्हणाला, “काढला तवा पाय पायडलावरच होता, चाचा. निघता निघत नव्हता. तुमी इचारलं नाई, मी बी बोललो नाई.”

चाचा परतले तेव्हा ऊन कलत होतं. पेडल अजून चालूच होतं. खट खट खट. पण आता दमलेलं.

मदीहा अंगणात तोंडाला ओढणी लावून उभी होती. “अब्बा, कोन हाय आत?”

“तू घरात जा.”

ते गाडीत शिरले. पलीकडच्या सीटवर बसले, ड्रायव्हरच्या शेजारी. बाजूला कोणी दिसत नव्हतं, पण ती सीट खाली दबलेली होती. चाचांनी कलमा पुटपुटला. मग एखाद्या घाबरलेल्या ड्रायव्हरशी बोलावं तसे हळू बोलले.

“लच्छूभाऊ, सोड आता. गाडी थांबली.”

खट खट.

“थांबली, भाऊ. कवाचीच थांबली. दुसरं कोनीच मेलं नाई. तूच एकटा होता.”

खट…

पेडल वर आलं. फार हळू. सीटची स्प्रिंग सुटली आणि मागच्या भिंतीवरचा लाल उजेड विझला. चाचा सांगतात, की त्यांना त्या माणसाची भीती उरली नाही, नुसती दया आली. इतकी वर्षं तो त्या घाटातून उतरतच होता.

मास्टर पेडलसकट काढून त्यांनी जिथून आणला तिथेच, त्या वेलींच्या गाडीत परत ठेवला. वारलूजींच्या गाडीचा जुना मास्टर लेथवर नेला आणि आतून नवी स्लीव्ह, म्हणजे धातूचं अस्तर, घालून घेतली. ते आधीच करता आलं असतं. पण घाई.

यावेळी त्यांनी हट्ट सोडला. मदीहाला सीटवर बसवलं. “दबा. पकड. छोड.” सगळं नीट. शेवटी चाचांनी स्वतः पेडल दाबून बघितलं, दगडासारखं कडक. निकेश आला, गाडी घेऊन गेला, आणि दिव्यानी आज्याच्या गाडीतून ब्रह्मपुरीला गेली. फुलांनी मढवलेल्या गाडीचा फोटो चाचांच्या मोबाइलवर आला. सगळे खूश.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना मदीहा सहज म्हणाली, “अब्बा, एक सांगू? रागावू नका.”

“बोल.”

“पायडल मी दाबलंच नाई. पाय ठेवायच्या आंधीच ते खाली जात होतं. हळूहळू. मले वाटलं, नवीन असंल म्हणून. तुमी छोड म्हनलं की आपोआप वर येत होतं.”

चाचांचा घास हातातच राहिला. लच्छू नव्हता तो. लच्छूला ‘छोड’ कळत नव्हतं.

पावसाळ्यात निकेशचा फोन आला. म्हणाला, ब्रेक एकदम फस्ट क्लास, उतार आला की माझा पाय जायच्या आधीच गाडी हळू होते. चाचा नुसतं “बरं” म्हणाले.

दिवाळीनंतर परत फोन आला. आवाज वेगळा होता.

“चाचा, गाडी जागची हलत नाई. चारी चाकं जाम. धक्का मारला, ट्रॅक्टर लावला. दिवसाढवळ्या मागचे लाल दिवे पेटून राह्यले, आन् आत कोनीच नाई. तुमी येता का?”

सावली काही लांब नाही. बस दर थोड्या वेळाने सुटते. काय झालंय ते चाचांना फोनवरच समजलं होतं. नवरीचा जंगलातला रस्ता कनीजने सांभाळला होता, आणि मग कोणी ‘छोड’ म्हणालंच नाही. म्हटल्याशिवाय ती पाय उचलायची नाही.

जायचं, गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि एक शब्द बोलायचा. एवढंच काम आहे.

चाचा रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून बस स्टँडपर्यंत जातात. सावलीची बस लागते, भरते, निघून जाते. चाचा बाकावरच बसलेले असतात.

एकदा तो शब्द म्हटला, की ती जाईल. हे त्यांना माहीत आहे.

निकेशच्या अंगणात ती गाडी अजून तशीच उभी आहे. दिवे पेटलेले. बॅटरी तर त्याने कधीच काढून ठेवली.