चवळीच्या वेलाचे राखणदार

"साखर कोणी खाल्ली ते आत्ता सांगा, न्हाईतर एकालाबी लाडू मिळणार न्हाई!" संगीताच्या भामाआत्यांनी अर्ध्यावर आलेला साखरेचा डबा दाणकन ओट्यावर आपटला.

चौसाळ्याहून दिवाळीच्या सुट्टीला आलेला त्यांचा लखन हात जोडून म्हणाला, "आई, देवाशप्पथ मी न्हाई! मी खाल्ली असती तर डबा चाटून लख्ख केला असता!"

"आन् माझ्याकडं बघू नका," शेजारची रोहिणी म्हणाली. "मी तर आत्ताच आले!"

संगीताचं मात्र साखरेकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे अंगणातल्या मांडवाकडे लागले होते. मांडवावर तिच्या आईने, अंजनाने लावलेला चवळीचा वेल होता. काळ्या ठिपक्यांचं ते बी आईने लग्नात लिंबागणेशहून पदराला बांधून आणलं होतं. तिच्या माहेरी ते केव्हाच संपलं. दर वर्षी चांगल्या शेंगा वाळवून, दाणे राखेत घोळून आई गाडग्यात ठेवायची. यंदा तिने सगळं बी पेरलं आणि श्रावणात ती स्वतःच गेली. आता वेलाला शेंग धरली की अळी तिला भोक पाडत होती. एकही शेंग पिकली नाही, तर आईचं बी कायमचं संपणार होतं. बिचारी संगी रोज सकाळी भीतभीतच मांडवाखाली जायची.

"आमच्या वेलाला तर अळी औषधालाबी न्हाई," रोहिणी तिला म्हणाली. "बाजारचं साधं बी हाय, पन शेंगा बघ किती! मुंग्या मात्र लई. तोडायला गेलं की चावतात मेल्या!"

"मुंग्या?" लखनचे कान टवकारले. "चला, बघूच!"

तिघं पळतच रोहिणीच्या परसात गेली. लखनने मोबाइलचा कॅमेरा शेंगेच्या देठापाशी नेला आणि ओरडला, "अगं, हितं थेंब हायेत! मुंग्या तेच चाटायल्यात!" त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं. "गोड हाय की!"

"श्शी! कायबी चाटतो!"

संगीता धावत घरी गेली आणि आपल्या वेलावरची एक अळी पानावर घेऊन आली. ती देठावर सोडायचा अवकाश, मुंग्या चहूबाजूंनी धावल्या. चावून चावून त्यांनी अळीला असं काही हैराण केलं की ती टपकन खाली पडली!

"पगारी राखणदार!" लखन टाळी देत म्हणाला. "वेल मध देतो, ह्या अळ्या हाणतात!"

"मग आमच्या वेलावर मुंग्या कावून न्हाईत?" संगीताने विचारलं.

परत येऊन पाहतात तो काय, मांडवाच्या बुडाशी मुंग्यांची ही भली मोठी रांग! पण वेलावर एकही चढत नव्हती. सगळ्या एका चपट्या दगडाकडे चालल्या होत्या, आणि दगडावर होती साखर!

"चोरीचा माल सापडला!" लखन कुजबुजला. "खाली आयतं मिळतंय, मग वर मरायला कोण जाईल? उद्या पहाटे पाळत ठेवू. चोराला रंगेहात पकडू!"

दुसऱ्या दिवशी फटफटताच तिघं कडब्याच्या गंजीमागे दबून बसली. दार करकरलं. अंगावर घोंगडी घेतलेला माणूस मांडवाखाली आला, उकिडवा बसला, त्याने मूठ उघडली.

ते संगीताचे वडील होते. सटवाआबा!

"अंजे, खा," ते हळूच म्हणाले. "थंडी पडलीया."

लखन आ वासून बघू लागला. संगीताला मात्र लख्ख आठवलं. आईच्या दहाव्याच्या आदल्या रात्री दिव्यापाशी पीठ पसरून वर टोपली झाकली होती. मेलेलं माणूस ज्या जन्माला गेलं, त्याची पावलं पिठावर उमटतात म्हणे. सकाळी पिठावर मुंग्यांची रांग होती. आता पिठाला मुंग्या नाही लागणार तर काय हत्ती लागणार? पण तेव्हा हे बोलणार कोण! आबा त्या रांगेकडे बघतच राहिले होते.

रोहिणीने हात धरला, तो सोडवून संगीता पुढे झाली. "आबा."

आबांनी दचकून हात पाठीमागे लपवला. "तुझ्या आईला साखर लई आवडायची गं. मी मात्र जल्मभर, जपून वापर, जपून वापर, म्हनत ऱ्हायलो. चहात चमचाभर जास्त घालू दिली न्हाई तिला."

 ह्या नुसत्या मुंग्या आहेत, असं संगीताला म्हणता आलं असतं. पण आबांच्या तोंडाकडे बघून तिच्याने ते म्हणवेना. तिने एक भोक पडलेली शेंग तोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"आबा, आई कधी बसून जेवली का? आधी सगळ्यांची कामं, मग घास. तिचं काम वर हाय. वेल तिला मध देतो, ती अळ्या हाकलते. तुमी खाली खाऊ घालताय, म्हनून ती वर जाईना. तिचं बी संपायलंय, आबा. तिला कामाला जाऊ द्या."

आबांनी शेंग मुठीत घट्ट धरली. सरणापाशीसुद्धा न रडलेला तो माणूस मांडवाच्या मेढीला डोकं टेकवून ढसाढसा रडला. संगीताही त्यांना बिलगून रडली. मग आबांनी दगडावरची साखर आपल्या हाताने पुसून काढली.

मुंग्या वेलावर चढल्या, पण उशीर झाला होता. बहुतेक शेंगा गेल्याच. शेंड्याकडच्या दोन-तीन मात्र धड पिकल्या. भामाआत्यांना सगळं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकरांनो, तुमाला चोर म्हनाले, जीभ झडो माझी! आमी थोरं रडत बसलो आन् तुमी अंजनाचं बी राखलं!" लखनला त्या दिवशी दोन लाडू जास्त मिळाले, पण त्याने एक संगीताला दिला.

पसाभरसुद्धा दाणे नव्हते. संगीताने ते आईसारखे राखेत घोळून गाडग्यात ठेवले.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी आबा मांडवाखाली रिकाम्या हातांनी बसले होते. एक मुंगी मेढीवरून तुरूतुरू वर चालली होती.

"गेली का गं कामाला?" त्यांनी विचारलं.

"गेली, आबा," संगीता म्हणाली आणि दप्तर बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसली.