भिंगरीचा तिसरा झटका

बाई, मला नुसतं तरंगायला शिकायचं नाही. मला खाली जायचंय, तळापर्यंत. काल तुम्ही हसलात आणि म्हणालात, या वयात तळाशी काय ठेवलंय? सांगते. बसा जरा इथं काठावर, पाय पाण्यात सोडून. समोर बाकावर टॉवेल घेऊन जी बसलीय, तिच्याकडे मात्र बघू नका.

ती माझी नणंद. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसेल तर शपथ. म्हणजे... बसत नसे.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला. इस्पितळांच्या चादरी येतात आमच्याकडे. दोघींनी चादरीची टोकं धरायची, ताणायची आणि गरम रोलरला द्यायची. यंत्रांचा आवाज असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि नजर रोलरवरून हलली तर बोटं आत गेलीच म्हणून समजा. त्यामुळे आमचं सगळं बोलणं चादरीतून. एक झटका म्हणजे ताण, दोन झटके म्हणजे सोड. दोन आले की हात आपोआप उघडतो, विचार करावा लागत नाही. भिंगरीची खोड अशी, की दोनाच्या मागून एक तिसरा, इवलासा झटका द्यायची. त्याला अर्थ काही नाही, नुसती चेष्टा. वहिनीला चिडवल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. डोळे बांधले तरी मी सांगितलं असतं, पलीकडच्या टोकाला भिंगरी आहे की दुसरी कोणी.

लाँड्रीची सहल एका बेटावर गेली. निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘तिच्या अंगात वारं शिरलंय. तिला नजरेआड होऊ देऊ नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘नेते तशी आणून देते.’’ शब्द दिला तो दिला. मी तशीच आहे, हट्टी म्हणा हवं तर.

सकाळ फार छान होती, खोटं कशाला बोलू. पाणी इतकं नितळ, की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसायची. होडीत बसल्या बसल्या भिंगरीनं अननसाच्या फोडी संपवल्या, माझ्या वाटणीच्यासुद्धा, आणि भरल्या तोंडानं सगळ्यांच्या नकला करत बसली. पोहण्याचा चष्मा आणि नळी लावल्यावर मला म्हणाली, ‘‘वहिनी, आता तू अगदी आपल्या मुकादमासारखी दिसतेस.’’ होडीवाल्यानं सगळ्यांना फुगीर जॅकेटं घातली आणि प्रत्येक जोडीला एक दोरी दिली. दोन्ही टोकांना फास, एकेक मनगटात अडकवायचा. ‘‘ताई, जोडीदाराला सोडायचं नाही,’’ एवढंच तो म्हणाला.

खालचं जग पाहिलंत कधी? पिवळे, निळे मासे अगदी चष्म्याशी येऊन बघून जातात. आणि सगळं मुकं. आपल्याच श्वासाचा तेवढा आवाज नळीतून येतो, घरघर... घरघर... मला लाँड्रीचीच आठवण झाली. आम्ही दोरीतून बोलायला लागलो. एक झटका म्हणजे इकडे ये, इकडे बघ.

मग प्रवाळाच्या खडकात एक भोक दिसलं. काळं, दाराएवढं. त्याच्या आसपास एकही मासा नव्हता. भिंगरी वर आली, जॅकेट काढून माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाली, ‘‘नुसतं डोकावून येते.’’ मी नको म्हणेपर्यंत तिचे पाय खाली गेलेसुद्धा.

दोरी सुटत गेली आणि ताठ झाली. पाण्याला एक वास यायला लागला, बंद खोलीत कुजलेल्या ओल्या कपड्यांचा. तोंडात नळी असताना मला वास कसा आला, ते विचारू नका. मी वाट पाहिली. मग खालून झटके आले. दोन... आणि मागून एक इवलासा.

सोड.

माझा हात उघडला, बाई. सवयच ती. दोरी बोटांतून सुटली, पण मनगटात फास होता म्हणून राहिली. तेवढ्यात माझं डोकं ठिकाणावर आलं. पोरगी बुडतेय, आणि मला सांगतेय की तू तरी सूट. मी मनात म्हटलं, तुझी ही चेष्टा काही मी चालू द्यायची नाही. दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओल्या चादरींची चळत ओढतात तशी ओढायला लागले. खालून पुन्हा झटके, पुन्हा तेच. सोड, वहिनी, सोड. मी ओढतच राहिले. फास मनगटात रुतला, पाण्यात रक्ताचा धागा दिसला.

मग एकदम काहीतरी बदललं. ओझं हलकं झालं, आणि दोन झटके आले. फक्त दोन. खाली सगळं गढूळ झालं होतं, कोण वर येतंय ते दिसेना. मी बघितलंही नाही. लाँड्रीत तरी कुठं बघतो आम्ही? हात ओढत राहतात.

ती माझ्या शेजारी वर आली. चष्मा नाही, नळी नाही. केसांतून पाणी गळत होतं, आणि ती धापा टाकत नव्हती. मी रडत तिला मिठी मारली. होडीवाल्यानं आम्हाला वर घेतलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती होडीत आहे तरी दोरी खालीच ताणलेली आहे. ‘‘खडकात अडकली असेल,’’ होडीवाला म्हणाला. दोरीला तरंगता डबा बांधून त्यानं ती तिथंच ठेवली. परतताना सोडवू म्हणाला.

बेटावर जेवण तयार होतं. तळलेले मासे, भात, मिरचीची चटणी, शहाळी. भिंगरी माझ्यासमोर बसली आणि एक शब्द बोलली नाही. मी घास घेतला की ती घास घ्यायची. मी पाणी प्यायले की तीही प्यायची. मला मिरची लागली, ठसका आला. तिनं माझ्याकडे क्षणभर नीट बघितलं, आणि मग तीही खोकली. माशातले काटे मी काढून ठेवले होते. तिनं मात्र मासा काट्यांसकट चावून खाल्ला. शांतपणे, कडकड आवाज करत.

‘‘भिंगरे, बरं वाटतंय ना?’’

‘‘बरं वाटतंय ना,’’ ती म्हणाली.

माझ्या मनगटावरचा हा वळ बघा, अजून गेला नाही. तिच्या मनगटावर दोरीची खूणही नव्हती.

परतताना होडी त्या डब्यापाशी थांबली. होडीवाल्याच्या आधी मी दोरी हातात घेतली. ती थंडगार होती. मी एक झटका दिला, म्हणजे इकडे ये. खाली कितीतरी वेळ काहीच नाही... मग दोन. आणि मागून एक, दमलेला, इवलासा.

मी ओरडले, ‘‘ती खाली आहे! ओढा!’’ होडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग तिच्याकडे. ती माझ्या शेजारीच तर बसली होती. मला बोट लागलीय, असं ठरलं. वारा वाढत होता, होडी कलायला लागली, आणि होडीवाल्यानं चाकू काढून दोरी कापली. मी त्याच्या हाताला चावले, तरी कापली.

सासूबाई खूश आहेत. पोरगी सुधारली म्हणतात, घरात आवाज नाही तिचा. आमचे हे म्हणतात, डॉक्टरला दाखवूया... मला. मी कोणाशी भांडत नाही. काम करते, तिला वेळेवर वाढते. ती चादरीतून झटके देते, दोन, बिनचूक. मी रोज तिसऱ्याची वाट बघते. आणि कामावरून सुटले की तडक इथं येते. मी आणून देते म्हटलंय ना? मग आणणारच.

मी इथं कशाला येते, हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. आज कपडे बदलायच्या खोलीत ती मागून आली. माझ्या टॉवेलचं दुसरं टोक धरलं आणि हळूच म्हणाली, ‘‘वहिनी... तिला आणलंस, तर मी कुठं जाऊ?’’

मग तिनं टॉवेलाला दोन झटके दिले. मी सोडलं नाही. टॉवेल आमच्या दोघींच्या मध्ये ताठ होता आणि तिचा हात अजिबात हलत नव्हता, तेव्हा तो तिसरा झटका आला. टॉवेलातून नाही. इथं, या वळापाशी.

आत्तासुद्धा... धरून बघा हवं तर. लागला ना हाताला?

चला बाई. श्वास किती वेळ धरायचा, तेवढं सांगा.