थोड्या वेळाने या

रबरी तळव्याच्या चपला.

दिवसभर न वाजलेला फोन.

दुपारचे तीन.

आतून कडी नसलेलं दार.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटचा प्रसंग तर माझ्यासमोर. पटलं तर घ्या.

मावशी नर्स होती. घरच्याच माणसांनी मारलेल्या बायका ज्या वॉर्डात यायच्या, तिथे तिची एकतीस वर्षं गेली. तिथल्या दारांना आतून कड्या नव्हत्या. म्हणून तिने स्वतःपुरता नियम केला होता. दोनदा टकटक करायची, आणि आतून ‘या’ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मोठे डॉक्टर असोत की यमदूत, सगळ्यांना बाहेर थांबवायची. या बायकांना कधी कोणी विचारून हात लावलेला नाही, निदान आपण विचारावं, म्हणायची.

एका दुपारी तीनला तिने कोपऱ्यातल्या खोलीचं दार वाजवलं. तिथली बाई आदल्या दिवशीच आली होती. पोटात लाथा बसलेल्या.

आतून आवाज आला... “थोड्या वेळाने या, सिस्टर.”

मावशी परतली.

पाचला पुन्हा गेली, तेव्हा बाई गार पडली होती.

कोणी तिला बोल लावला नाही. तिने मात्र स्वतःला सोडलं नाही. तेव्हाच आत गेले असते तर वाचली असती, एवढंच घोकत राहिली.

निवृत्तीनंतर ती दोन खोल्यांत एकटी राहायची. मी महिन्यातून एकदा जायचे, तेही घड्याळ बघत.

त्या दिवशी आम्ही आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो. बाहेरचं दार मी स्वतः लावलं होतं.

तीन वाजले.

टक... टक...

आतल्या खोलीच्या दारावर.

दार उघडंच होतं. तिथे कोणी नव्हतं.

मावशी हसली. म्हणाली, रोज येते. मी नंतर ये म्हटलं की मुकाट जाते. भिऊ नकोस गं, तुझ्या मावसोबांसारखी नाही ती, विचारून येते.

मग दाराकडे बघत म्हणाली, “आज सोबतीला माणूस आहे. ये, बाई.”

पावलं वाजली नाहीत.

पलंगाची कड... हळूच दबली.

मावशीने सरकून जागा केली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. तासभर तिचा एकटीचाच आवाज येत होता. मधेमधे थांबायची... कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

त्याच वर्षी मावशी गेली. मी घरातली दारं उघडी ठेवते. तरी तीनच्या सुमाराला कान तिकडेच असतात.

त्या बाईच्या शवविच्छेदनाचा अहवाल मावशीने कधी पाहिला नव्हता. मावशी गेल्यावर मी तो पाहिला. कोपऱ्यातल्या खोलीतली बाई दुपारी दीडच्या आधीच गेली होती.