पाचव्या गाळ्याचा सांधा

पूल एकशे दहा वर्षांचा. नदीत पायाच्या विहिरी उतरवून त्यांवर उभे केलेले दगडी खांब, नऊ गाळे, आणि सगळं लोखंड रिव्हेटांनी जोडलेलं. उन्हात लोखंड वाढतं म्हणून प्रत्येक गाळ्याचं एक टोक रोलरवर मोकळं ठेवलेलं. आत शिरून गंज खरवडता यावा, यासाठी खालची तुळई पेटीसारखी पोकळ. "आराखडा काढणाऱ्या साहेबाला पोटच नसणार," असं माझा दादा कुरकुरायचा, कारण आत सरपटायचं काम त्याचं होतं.

मी बाहेरून हातोडीने रिव्हेट ठोकायचो. तो आतल्या बाजूला त्याच रिव्हेटवर बोट ठेवायचा. ढिला असला की बोटाला थरथर लागते. घट्ट असेल तर दादा आतून एक ठोका द्यायचा, ढिला असेल तर दोन.

गेल्या हिवाळ्यात पाचव्या गाळ्याचा शेवटचा सांधा न तपासताच मी वहीत 'सर्व घट्ट' लिहून मोकळा झालो. भूक लागली होती, एवढंच. दादाला ते पटेना. मी जेवत असताना तो एकटाच परत गेला. दोर धरायला कुणी नव्हतं, तो नदीत पडला. तिसऱ्या दिवशी सापडला. चौकशीत त्याचाच निष्काळजीपणा ठरला आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो. वहिनीसमोरसुद्धा. ते वर्ष मला कसं गेलं, माझं मला माहीत.

यंदा तो सांधा पुन्हा आला. जोडीदार रजेवर होता. नुसत्या आवाजावरूनही अंदाज येतो, म्हणून दुपारी एकटाच सुरुवात केली.

पहिला रिव्हेट ठोकला. आतून एक ठोका आला.

पोकळ लोखंड आहे, घुमणारच, असं मनाशी म्हटलं. दुसरा ठोकला. थोडा वेळ काही नाही. मग एक.

बोट सरकवायला दादाला तेवढाच वेळ लागायचा.

चौदाव्याला दोन आले.

तुळईचं झाकण काढून आत बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. हात घालून चौदाव्यावर बोट ठेवलं आणि बाहेरून ठोकलं. थरथरला.

बाकीचे रिव्हेट गार होते. तो कोमट होता.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि रडलो.

"चूक माझी होती, वहिनी. दादाची नाही."

तिने हातातली घडी पुरी केली. "माहीत आहे मला, भाऊजी."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच, त्याच संध्याकाळी. म्हणाले, धाकट्यावर रागावू नकोस."

"वहिनी, तो दुपारीच गेला होता."

"ते मला तुमच्याकडून कळलं." तिने पुढचा कपडा उचलला. "तुम्ही ते पडल्याचा निरोप घेऊन दारात उभे होतात ना, तेव्हा ते आत हातपाय धूत होते. म्हणून तर तुम्हाला आत या म्हटलं नाही."