आदेलिनोची खूण

ऑक्टोबर लागला की फॉल रिव्हर गावातल्या जुन्या घरांना आर्मिंदो फुर्तादोची आठवण होते. उन्हाळाभर त्याला कुणी विचारत नाही. पहिली गार सकाळ उजाडली की फोन थांबत नाही. वाफेवर घर गरम करणारे बॉयलर आता कुणी बसवत नाही, आणि आहेत ते जाणणारे गावात दोनच उरलेत. त्यातला एक आर्मिंदो. वय बासष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. हा आपला शेवटचा हंगाम, असं तो गेली चार वर्षं सांगत होता. त्याच्या बायकोनं त्यावर हसणंसुद्धा सोडून दिलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी तो देओलिंडा अरुडाच्या घरासमोर गाडी थांबवून बराच वेळ आत बसून राहिला. हे घर त्यानं दोन आठवडे यादीत खाली खाली ढकललं होतं. शेवटी आदल्या दिवशी तिच्या मुलीचा, नातालियाचा, फोन आला होता की आईचा बॉयलर एकदा बघून जा. आई तुझ्याकडून परत कधी आली, असं त्यानं सहज विचारलं.

"परत?" नातालिया म्हणाली. "ती गेलीच कुठे होती? सगळा हिवाळा त्याच घरात काढला तिनं, एकटीनं."

त्या रात्री आर्मिंदोचा डोळा लागला नाही. खाई त्याला खवखवे.

झालं होतं असं. बॉयलरच्या कुशीत एक लोखंडी डबी असते आणि तिच्यात फ्लोट. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की फ्लोट खाली बसतो आणि आग आपोआप बंद होते. एवढ्या एका तरंगत्या गोळ्यावर सगळं घर भरवसा ठेवून झोपतं. डबीत गंजाचा गाळ साचतो, म्हणून दर वर्षी ती उघडून, खरवडून, नवी गॅस्केट घालून बंद करायची. तासाभराचं, हात काळे करणारं काम. गेल्या ऑक्टोबरात आर्मिंदो इथे आला तेव्हा ते दिवसातलं आठवं घर होतं. त्यानं पाट्या टाकल्या. डबी बाहेरून फडक्यानं पुसली आणि पाइपला तारेनं बांधलेल्या पिवळ्या कार्डावर लिहिलं: फ्लोट उघडून साफ केला. खाली तारीख, सही.

पण घराचा मालक आदेलिनो होता, देओलिंडाचा नवरा. जन्मभर सुतारकाम केलेला, आणि दुसऱ्याच्या मापावर कधीही लाकूड न कापणारा. मेकॅनिक येऊन गेला की पुढच्या शनिवारी तो स्वतः तळघरात उतरायचा, आग पेटवून बॉयलरमधलं पाणी बादलीत सोडायचा आणि आग आपली आपण विझते का ते पाहायचा. विझली, तरच कार्डावरच्या ओळीपुढे सुताराच्या चपट्या, बाहेरून लाल आणि आत काळं शिसं असलेल्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचा. आर्मिंदोनं एकदा चिडवलं होतं, माझ्यावर विश्वास नाही वाटतं? तर म्हातारा म्हणाला होता, "माझा देवावर आहे. पण बॉयलर देवानं नाही बनवला."

नोव्हेंबरात आर्मिंदोच्या फोनवर आदेलिनोचा निरोप आला होता. आवाजात राग नव्हता. "आर्मिंदो, आग आपोआप विझत नाहीये. सवड झाली की ये. घाई नाही. तोवर पाणी मी बघतो."

आर्मिंदोनं चालढकल केली. मग नाताळ आला, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आदेलिनो हॉस्पिटलमध्ये गेला तो आलाच नाही. शवपेटीत त्याला निळा कोट घातला होता आणि वरच्या खिशात देओलिंडानं ती लाल पेन्सिल खोचली होती. सगळ्यांना ते फार आवडलं. आर्मिंदो मात्र पेन्सिलीकडे बघू शकला नाही. देओलिंडा आता मुलीकडे राहायला जाणार, असं तिथेच कुणी तरी म्हणालं. ते त्यानं घट्ट धरून ठेवलं. घर बंद, आग बंद, विषय संपला.

विषय संपला नव्हता.

देओलिंडानं दार उघडलं. ऐंशी वर्षांची, काळ्या कपड्यांतली, काठीवर रेललेली. "ये रे. वाळलास," ती म्हणाली. घरात गोड पावाचा वास होता. तळघरात कोण कोण उतरतं, असं त्यानं आडून विचारलं. ती म्हणाली की तिनं चार वर्षांत त्या पायऱ्या पाहिलेल्या नाहीत, गुडघे ऐकत नाहीत; आणि नातालियाला लहानपणापासून तळघराची भीती, ती रविवारी येते आणि स्वयंपाकघराच्या पुढे जात नाही.

"मग हिवाळ्यात बॉयलरला पाणी कोण घालत होतं?"

"पाणी?" ती म्हणाली. "ते आदेलिनोचं काम."

हिचं वय झालंय, असं मनात म्हणत तो खाली उतरला.

तळघर त्याच्या ओळखीचं होतं. दगडी भिंती, ओल, जुन्या कोळशाचा वास, कोपऱ्यात द्राक्षं चिरडायचं लाकडी यंत्र. धूळ सगळ्यावर सारखी बसली होती. पाइपला पिवळं कार्ड लटकत होतं. शेजारी दोरी, तिच्या टोकाला पेन्सिल अडकवायचा रिकामा फास. त्यानं कार्डावर उजेड टाकला. अकरा वर्षांच्या अकरा ओळी. दहा ओळींपुढे खूण. अकराव्या ओळीपुढे काहीच नाही.

मग त्यानं बॉयलरच्या काचेच्या नळीकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

नळीत पाणी होतं. आदेलिनोनं पाण्याची पातळी ओळखायला नळीला एक रबराची चकती चढवून ठेवली होती. पाणी त्या चकतीला बरोबर टेकलेलं होतं. आर्मिंदो पालथ्या खोक्यावर बसला आणि त्यानं बोटांवर हिशेब केला. वाफेचं झालेलं पाणी बॉयलरकडे परत आणणारा ह्या घराचा पाइप जुना. आठवड्याला अर्धी बादली पाणी कुठे ना कुठे मुरतं, आणि ते हातानंच भरावं लागतं. जानेवारी ते एप्रिल, तेरा आठवडे. चौथ्या आठवड्यात काचेची नळी रिकामी व्हायला हवी होती. पाचव्यात कोरडं लोखंड लाल. असं एक घर त्यानं तरुणपणी पाहिलं होतं. त्या घराच्या खिडक्या रस्त्यावर पडल्या होत्या.

फ्लोट आपोआप सुटला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. त्यानं आग पेटवली, डबीखाली बादली धरली आणि व्हॉल्व्ह उघडला. सहा महिने बंद असलेल्या बॉयलरमधून पहिलं पाणी काळं, चिखलासारखं येतं. हे नितळ आलं. कालच कुणी तरी सोडून घेतल्यासारखं. आणि आग जळतच राहिली. नळी रिकामी झाली तरी जळत राहिली. त्यानं झडप घालून बटण बंद केलं.

लोखंड निवल्यावर त्यानं डबी उघडली. आत गाळ दगड झाला होता. फ्लोट त्यात पुरल्यासारखा रुतला होता, छिन्नीनं फोडून काढावा लागला. म्हणजे सगळा हिवाळा ह्या घरात आग विझवणारं काहीही नव्हतं. वर ती म्हातारी झोपत होती.

आर्मिंदोला रडू आलं. त्यानं ते गंजलेल्या हातांनीच पुसलं.

त्या दिवशी त्यानं घाई केली नाही. डबी चकचकीत होईपर्यंत खरवडली, नवी गॅस्केट घातली, पाणी चकतीपर्यंत भरलं, आग पेटवली. पाणी सोडलं. नळीतलं पाणी उतरलं आणि आग टक् करून विझली. त्यानं तीनदा करून पाहिलं. तीनदा विझली. पुन्हा पाणी भरून त्यानं कार्डावर बाराव्या ओळीत आपल्या निळ्या पेनानं लिहिलं: फ्लोट उघडून साफ केला. बादली धुऊन जागेवर पालथी घालताना त्याच्या लक्षात आलं की तळघरात सगळीकडे धूळ आहे, पण मघाशी पहिल्यांदा उचलली तेव्हा बादलीच्या जुन्या कडीवर ती नव्हती.

वर खोल्या गरम करणारे रेडिएटर हळूहळू फुसफुसायला लागले होते. देओलिंडानं त्याच्यापुढे कॉफी आणि लोणी लावलेला पाव ठेवला आणि समोर बसली. त्यानं कप बाजूला सरकवला.

"दोना देओलिंडा, मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी ते उघडलंच नव्हतं. खोटं लिहिलं. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"ठाऊक आहे मला," ती शांतपणे म्हणाली. "आदेलिनो बोलला होता."

त्याला हायसं वाटलं. नोव्हेंबरात बोलला असणार. "रागावला होता का?"

"नाही रे. दमला होता. म्हणाला, आर्मिंदोनं पाट्या टाकल्यात, तो येईपर्यंत मला सुटका नाही."

"कधी म्हणाला?"

ती आठवत राहिली. "राखेच्या बुधवारानंतरचा शनिवार. कपाळावरची राख धुतली होती मी."

चर्चमध्ये कपाळाला राख लावतात तो राखेचा बुधवार फेब्रुवारीत होता.

तिनं त्याच्या बशीत पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

"शनिवारी बादलीचा आवाज येतो," ती म्हणाली. "मी हाक मारत नाही. काम करताना बोललेलं त्याला खपत नाही."

आर्मिंदो उठला. ब्रश खाली राहिलाय, असं पुटपुटला. तो खरंच राहिला होता.

तळघर आता उबदार होतं. ब्रश खोक्यावरच होता. तो उचलून त्यानं दिव्याचं बटण शोधलं, आणि नको नको म्हणताना नजर कार्डावर गेली.

दोरी तशीच होती, फास रिकामाच.

बाराव्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, चपट्या पेन्सिलीची असते तशी.

त्यानं तिच्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याला ताजं काळं शिसं लागलं.

तिच्या वरच्या, अकराव्या ओळीपुढची जागा मात्र कोरीच होती.